उमजपट्टी

नसीमा मुल्ला मिरजेहून सकाळच्या एसटीने कराडला आली, तेव्हा तिच्यासोबत सात वर्षांची महेक होती आणि पर्समध्ये प्रश्नांनी भरलेली वही. नसीमा एका दवाखान्यात परिचारिका होती. महेकला दमा होता. महिन्यातले आठ-दहा दिवस शाळा बुडायची आणि उरलेल्या दिवसांत ती बुडालेल्याच्या मागे धापा टाकत पळायची. शेवटी नसीमाने ठरवलं, मुलीला घरीच शिकवायचं. पण सुरुवात कुठून करायची हे कळेना. कुणीतरी तिला सुलक्षणा थोरातचं नाव सांगितलं.

असं नाव सांगितलं जाणं सुलक्षणाला नवं नव्हतं. तीन वर्षांपूर्वी तिने स्वतःच्या मुलीला, शाल्मलीला, दुसरीतून काढलं होतं. वर्गात प्रत्येक मुलासमोर एक पडदा, पडद्यावर यंत्रशिक्षक, आणि दर धड्याच्या शेवटी एकच प्रश्न: समजलं का? शाल्मली रोज ‘हो’वर बोट ठेवायची. सहामाहीला कळलं की तिला साधी हातच्याची वजाबाकी येत नव्हती. सुलक्षणाने बँकेची नोकरी अर्धवेळ करून घेतली आणि घरी शिकवायला बसली. आता तिच्या ‘घरची शाळा’ या गटात दोनशेबारा कुटुंबं होती आणि नव्या पालकांसाठी तिने लिहिलेलं टिपण सगळ्या जिल्ह्यांत फिरत होतं.

“पहिला महिना काहीच शिकवू नका,” ती नसीमाला म्हणाली. “शाळा अंगातून उतरायला वेळ लागतो. वेळापत्रक करा, पण शाळेसारखं तासांचं नको. दिवसाला दोनच तास, तेही तिचा श्वास मोकळा असेल तेव्हा. आठवड्यातून तीन संध्याकाळी तरी तिला दुसऱ्या मुलांत न्या. नातेवाईक विचारतील, चार लोकांत कशी वावरणार? त्यांना उत्तर देत बसू नका, चहा द्या.”

नसीमा हसली आणि लिहून घेत राहिली. “पण ताई, तिला समजलंय का नाही हे मला कसं कळणार? मी काही शिक्षिका नाही. ती तर सगळ्याला हो म्हणते.”

या प्रश्नाची सुलक्षणा वाटच बघत असायची. तिने कपाटातून पट्टी काढून टेबलावर ठेवली. करड्या रंगाची, मऊ, कपाळावर बांधायची. कंपनीने तिला काहीतरी परदेशी नाव दिलं होतं. पालक तिला उमजपट्टी म्हणत.

“मुलीला विचारायचंच नाही,” ती म्हणाली. “पट्टीला विचारायचं.”

आणि मग तिने नेहमीसारखं समजावून सांगितलं. पट्टीच्या आतल्या बाजूला बारीक दिवे असतात. त्यांचा प्रकाश डोळ्यांना दिसत नाही, पण तो कातडी आणि कवटी ओलांडून मेंदूच्या वरच्या थरापर्यंत पोचतो आणि थोडासा परत येतो. मेंदूचा जो भाग कामाला लागतो तिकडे रक्त जास्त धावतं. प्राणवायू घेतलेलं रक्त आणि न घेतलेलं रक्त हा प्रकाश वेगवेगळा शोषतं. त्या फरकावरून आत काय चाललंय याचा आलेख निघतो. मूल एखाद्या गोष्टीशी झगडत असतं तेव्हा रेघ चढत राहते. उमज पडली की ती एकदम सैलावते आणि मागोमाग एक छोटी उसळी येते. हजारो मुलांचे आलेख पाहून यंत्र ही उसळी ओळखायला शिकलं होतं. ती दिसली की पट्टीवरचा दिवा हिरवा होतो.

“दिवा हिरवा झाला की पुढे जायचं. नाही झाला की वेगळ्या तऱ्हेने पुन्हा सांगायचं. रागवायचं नाही, संशय घ्यायचा नाही. आमचा अख्खा अभ्यास दोन तासांत होतो.”

शाल्मली महेकला घेऊन आतल्या खोलीत गेली होती. “माझी पट्टी लावून बघू देऊ का तिला?” असं विचारून ती पट्टीही घेऊन गेली. सुलक्षणा पोह्यांना फोडणी द्यायला उठली. स्वयंपाकघर आणि आतली खोली यांच्यामध्ये नुसता पडदा होता.

“होत नाही हिरवा,” महेकचा आवाज आला.

“समजायची वाट बघत बसू नको,” शाल्मली म्हणाली. मोठ्या मुलीने धाकटीला खेळाचे नियम सांगावेत तसं दहा वर्षांची ती सांगत होती. “तुला आधी कधीतरी काहीतरी एकदम समजलं होतं ना? सगळ्यांत छान? ते आठव. डोळे मिटू नको, नाहीतर मोठ्यांना कळतं. वहीकडे बघायचं आणि ते आठवायचं.”

मग महेक खुदकन हसली. “झाला.”

“पण एकच आठवण रोज वापरू नको हं. पुसट होत जाते. माझी संपली.”

मोहरी करपली. सुलक्षणाने गॅस बंद केला आणि कढईकडे बघत उभी राहिली. बाहेर येऊन तिने नसीमाला पोहे दिले, लिंबू दिलं, मुक्त विद्यालयाच्या परीक्षेचा अर्ज कधी भरायचा ते सांगितलं. नसीमाने विचारलं, “मग पट्टी घेऊच ना मी?” सुलक्षणाने तिच्याकडे पाहिलं, वहीत नीट क्रमांक घालून लिहिलेल्या स्वतःच्याच वाक्यांकडे पाहिलं, आणि म्हणाली, “घ्या ना.”

मायलेकी दुपारच्या गाडीने परत गेल्या. सुलक्षणाने भांडी आवरली, ओटा पुसला, पुसलेला ओटा पुन्हा पुसला. मग शाल्मलीला हाक मारली.

शाल्मलीने लपवलं नाही. तिला वाटत होतं, आईला हे माहीत असणार. गोष्ट दोन वर्षांपूर्वीची होती. सुलक्षणाचे वडील, आप्पा, पाटबंधारे खात्यात कालव्यावर काम करून निवृत्त झाले होते. गावच्या घरी एका दुपारी त्यांनी नातीला हौदाजवळ नेलं आणि रबरी नळीने एका बादलीतलं पाणी हौदाच्या कठड्यावरून चढवून पलीकडच्या बादलीत उतरवून दाखवलं. पाणी आपोआप वर कसं चढतं हे तिला कळेना. आप्पांनी सांगितलं नाही. नळी तिच्या हातात दिली आणि म्हणाले, बादली वर-खाली करून बघ. तासाभराने तिला ते कळलं. तिथे ती दोघंच होती. त्यानंतर चार महिन्यांनी आप्पा गेले.

“पट्टी आली ना, तेव्हा एकदा अपूर्णांक समजत नव्हते,” शाल्मली म्हणाली. “मला मध्येच ते पाणी आठवलं आणि दिवा हिरवा झाला. मग तू हसलीस. म्हणून मी पुन्हा केलं.”

“किती वेळा केलंस?”

“रोजच. दहा-पंधरा वेळा. कधी जास्त.”

सुलक्षणाने मनात हिशेब केला नाही. “आणि संपली म्हणजे काय?”

शाल्मली बोटाने टेबलावर रेघा ओढत राहिली. “आता हौद दिसत नाही. हे टेबल दिसतं. टेबलावर बादली. आप्पांचा चेहरा यायच्या आत दिवाच येतो.” मग थांबून म्हणाली, “आणि आप्पा तुझ्या आवाजात बोलतात.”

“माझ्या?”

“तू म्हणतेस ना, शाब्बास, पुढे जाऊ? तसं म्हणतात ते. आधी काय म्हणाले होते ते मला आता माहीत नाही.”

संध्याकाळी दिगंबर, तिचा नवरा, साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेतून घरी आला. तिने त्याला सगळं सांगितलं. नसीमाला काय सांगितलं नाही, ते मात्र वगळलं. दिगंबर बराच वेळ बुटांच्या नाड्या सोडत बसला.

“गेल्या दिवाळीत मी म्हणालो होतो तुला,” तो शेवटी म्हणाला. “हिला चाळीस लाडू सहा डब्यांत घालता आले नाहीत. हिला भागाकार येत नाही, म्हटलं होतं.”

तिला आठवत होतं. तिने त्याला त्या आठवड्याचे आलेख काढून दाखवले होते. पाचही दिवस हिरवे. वर म्हणाली होती, तुझ्या वाटण्यापेक्षा हे जास्त खरं आहे.

“मला वाटलं, मलाच कळत नसेल,” दिगंबर म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर तिला बरं वाटलं असतं.

दुसऱ्या दिवशी तिने कंपनीला फोन केला. तिथल्या माणसाने आदबीने ऐकून घेतलं आणि सांगितलं की पट्टीची अचूकता शंभरात चौऱ्याण्णव आहे, अशी तक्रार प्रथमच येते आहे. मग तिने पुण्यात स्मृतीवर संशोधन करणाऱ्या डॉ. वृंदा केळुसकर यांचा पत्ता शोधला. त्यांनी फोनच्या पडद्यावर अर्धा तास दिला.

“पट्टी फसली असं म्हणता येणार नाही,” डॉक्टर म्हणाल्या. “उमज पडण्याचा क्षण नीट आठवला तर मेंदू तो थोडासा पुन्हा जगतो. तशीच उसळी येते. पट्टीला ताजी उमज आणि आठवलेली उमज यांतला फरक कळत नाही, एवढंच. मुलीने ते स्वतःचं स्वतः शोधून काढलं. हुशार आहे.”

“आणि ती आठवण?”

“आठवण बाहेर काढली की काही तास ती ओल्या मातीसारखी मऊ असते. त्या वेळात आजूबाजूला जे असेल, त्याचे ठसे तिच्यावर उठतात. मग ती तशीच वाळते. एरवी आपण एखादी आठवण वर्षातून पाच-दहा वेळा काढतो, त्यामुळे फारसं बिघडत नाही. हिने काही हजार वेळा काढली, आणि दर वेळी समोर तेच टेबल, तोच दिवा, तुम्ही.”

“परत नीट करता येईल?”

“मूळ प्रत कुठेच ठेवलेली नसते हो. तिथे आणखी कुणी असतं तर त्यांनी सांगितलं असतं. कुणी होतं?”

“नाही,” सुलक्षणा म्हणाली.

तिने गटावर काही लिहिलं नाही. आधी शाल्मलीकडे बघायला हवं, असं ती स्वतःला सांगत होती. पुरावा गोळा करायला हवा. उगाच घबराट नको. रोज सकाळी कुणी ना कुणी पालक विचारायचे, आणि ती उत्तर द्यायची: वही कोणती घ्यावी, विज्ञानाचे प्रयोग घरच्या सामानात कसे करावेत, मूल कंटाळलं तर काय करावं. पट्टीबद्दल कुणी विचारलं तर त्या प्रश्नाला ती उत्तर देत नसे, आणि मग दुसरंच कुणीतरी तिच्याच टिपणातलं वाक्य चिकटवून द्यायचं: मुलाला विचारू नका, पट्टीला विचारा. असे अकरा दिवस गेले.

बाराव्या दिवशी दुपारी नसीमाचा फोन आला. आवाजात आनंद मावत नव्हता.

“ताई, पट्टी आली. चार दिवस झाले. महेकचा दिवा पहिल्याच दिवशी हिरवा. तुमच्या शालूने काहीतरी युक्ती शिकवलीय म्हणे, मला सांगत नाही. दोघींचं गुपित आहे म्हणते.”

सुलक्षणा खुर्चीवर बसली. “नसीमा, तिला विचारा ना, ती काय आठवते.”

“म्हणजे?”

“नुसतं विचारा. आत्ता.”

पलीकडे हाक ऐकू आली, महेकची कुजबुज ऐकू आली, मग नसीमाचं हसू. “तिच्या अब्बूंनी तिला शिट्टी वाजवायला शिकवली होती ना, ती. मस्कतला जायच्या आदल्या दिवशी. येत नव्हती, येत नव्हती, आणि एकदम आली. दोन वर्षं झाली त्याला. घरी यायला त्यांना अजून वर्ष लागेल. पण ताई, असं का विचारताय?”

मग सुलक्षणाने सांगितलं. शाल्मलीचं, आप्पांचं, पाण्याचं, आवाजाचं. डॉक्टर काय म्हणाल्या ते. पट्टी आज काढा, आत्ता काढा, आणि ती शिट्टी तिला आठवायला लावू नका. ती न थांबता बोलली, कारण थांबलं तर पुढचा प्रश्न येणार हे तिला माहीत होतं. तो आलाच.

“तुम्हाला हे कधी कळलं?”

“तुम्ही आला होतात, त्या रविवारी.”

“आम्ही गेल्यावर?”

इथे खोटं बोलणं अगदी सोपं होतं. “नाही,” सुलक्षणा म्हणाली. “तुम्हाला पोहे दिले, त्याच्या आधी.”

पलीकडे पंखा फिरत असल्याचा आवाज येत होता. मग नसीमा हळू म्हणाली, “मी वहीत लिहून घेतलं होतं. तुम्ही म्हणालात, घ्या ना.” आणि फोन ठेवला.

सुलक्षणाने त्याच संध्याकाळी गटाची बैठक बोलावली. एकशेसाठ घरं पडद्यावर आली, चौकोनाला चौकोन लागून. तिने आधी काय सांगायचं ते लिहून काढलं होतं. त्यात पट्टीतला दोष आधी होता आणि स्वतःची चूक शेवटी. बोलताना तिने ते उलटं केलं. मी माझ्या मुलीच्या तोंडाकडे बघायचं सोडून दिव्याकडे बघत होते, ती म्हणाली, आणि तुम्हालाही तेच शिकवलं. बारा दिवसांपूर्वी मला कळलं आणि मी गप्प बसले. कारण मी चुकले असं दिसलं असतं.

काही जण लगेच निघून गेले. साताऱ्याचे एक वडील म्हणाले, तुमच्या मुलीने लबाडी केली म्हणून आमची मुलं तशी नाहीत. सोलापूरच्या एका बाईंनी विचारलं, आता आम्ही कुणाचं ऐकायचं? मला माहीत नाही, असं तिने सरळ सांगितलं. मग एका कोपऱ्यातल्या चौकोनात एका आईने शेजारी बसलेल्या मुलाला सगळ्यांदेखत विचारलं, तू करतोस का रे असं? मुलाने मान खाली घातली. ती आई त्याच्या पाठीवरून हात फिरवत राहिली.

पुढच्या दोन महिन्यांत त्रेसष्ट मुलांनी आपापल्या घरी कबूल केलं. डॉ. केळुसकरांनी त्यांची नोंद घेतली. कुणाची पहिल्यांदा पोहता आल्याची आठवण गेली होती, कुणाची बहिणीच्या लग्नातली. बहुतेकांचं नुकसान थोडं होतं. शाल्मलीइतके दिवस आणि इतकं मन लावून कुणीच केलं नव्हतं. कंपनीने पट्टीबरोबर एक सूचनापत्रक द्यायला सुरुवात केली. सुलक्षणाने आपलं टिपण मागे घेतलं, पण ते इतक्या ठिकाणी पोचलं होतं की मागे घेणं म्हणजे काय हे तिचं तिलाच कळेना.

नसीमाचा एकच निरोप आला, ऑगस्टमध्ये. “महेकला शिट्टीचं सगळं नीट आठवतं. चारच दिवस झाले होते म्हणून. मी तिला पुस्तकातून शिकवते आहे, हळूहळू. तुमच्याशी बोलायची माझी अजून तयारी नाही.” सुलक्षणाने तो वाचला. उत्तर लिहिलं, खोडलं, पुन्हा लिहिलं, आणि शेवटी नुसतं ‘बरं’ एवढंच पाठवलं.

आप्पांबद्दल ती शाल्मलीला सांगायला लागली. ते कालव्याच्या कडेने सायकल कशी चालवायचे, पाण्याची पातळी नुसत्या नजरेने बोटभर इकडे-तिकडे कशी सांगायचे, चिडले की मिशी कशी चावायचे. शाल्मली मन लावून ऐकायची. पण या सगळ्या सुलक्षणाच्या आठवणी होत्या. मुलीची स्वतःची म्हणून जी एक होती, ती यांतली नव्हती. एकदा शाल्मलीच म्हणाली, “तुझे आप्पा आणि माझे आप्पा वेगळे होते बहुतेक.” ती दुःखाने म्हणाली नाही, सहज म्हणाली. सुलक्षणा त्या दिवशी जेवली नाही.

भागाकार त्या दोघी पहिल्यापासून करायला लागल्या, पट्टीशिवाय. ते जड गेलं. शाल्मलीला ‘नाही समजलं’ म्हणायचं असायचं आणि ती आधी आईच्या चेहऱ्याकडे बघायची. सुलक्षणा हसरा चेहरा ठेवायचा प्रयत्न करायची, तो मुलीला खोटा वाटायचा. गंभीर ठेवला तर ती घाबरायची. पट्टी कपाटातून कधीच गेली होती, तरी मुलगी आता दिव्याऐवजी आईचा चेहरा वाचत होती. ती शाळेतही हेच वाचत असणार, पडद्याच्या पलीकडे उभ्या असलेल्या कुणाच्या तरी चेहऱ्यावर. आपण तिला त्यातून सोडवायला घरी आणलं आणि दोन फुटांवर येऊन बसलो, असं सुलक्षणाला वाटायचं.

पुढच्या वर्षी मे महिन्यात गावातल्या एका छोट्या शाळेत जागा असल्याचं दिगंबरला कळलं. तीस मुलं, दोन बाई. त्याने विषय काढला आणि सुलक्षणाकडे पाहिलं. सुलक्षणाने शाल्मलीकडे पाहिलं.

“तुला जायचंय का?”

“तुला काय वाटतं?” शाल्मलीने विचारलं, आणि तिचे डोळे आईच्या कपाळावरून ओठांकडे, ओठांवरून डोळ्यांकडे फिरायला लागले.

सुलक्षणा उठली. खिडकीशी गेली आणि तिने दोघांकडे पाठ फिरवली. समोर शेजारच्या गच्चीवर कुणीतरी पापड वाळत घातले होते. “मी इकडे तोंड करून उभी आहे,” ती म्हणाली. “माझ्याकडे बघून काही कळणार नाही. आता सांग.”

दिगंबरनेही तोंड दुसरीकडे वळवलं.

“जायचंय,” शाल्मली म्हणाली.

सुलक्षणाचे डोळे भरून आले. ते आनंदाने की कशाने, हे तिला कळलं नाही. पण कुणाला दिसत नव्हतं, हे बरं होतं. तिने पदराने डोळे टिपले.

“झालं? वळू?”

“नको, थांब,” शाल्मली म्हणाली. “अजून खूप आहे.”